जांगल देशातील आनूप कुंडी : चिकित्सालयात आर्द्र वनौषधींची जोपासना

चरकाचार्यांनी रसायनाध्यायात जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत, त्यांचे स्वरूप एकदा पुन्हा डोळ्यांसमोर आणावे. मंडूकपर्णीचा स्वरस, दुधासह यष्टीमधूचे चूर्ण, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क. चारपैकी दोन स्वरस आहेत आणि कल्कही ओल्या वनस्पतीचाच श्रेष्ठ. म्हणजे मेध्य चिकित्सेचा मोठा भाग आर्द्र द्रव्यावर उभा आहे. प्रत्यक्षात आपल्यापैकी बहुतेकांच्या चिकित्सालयात यांपैकी काय असते? चूर्णाचे डबे, गोळ्यांच्या बाटल्या आणि फार तर एखादे सिरप. शार्ङ्गधराचार्यांनी ओले द्रव्य न मिळाल्यास कोरडे चूर्ण दुप्पट पाण्यात अहोरात्र भिजवून रस घेण्याची सोय सांगितली आहे, हे खरे. परंतु तो पर्याय आहे. त्यांनी ताज्या स्वरसाची मात्रा अर्धा पल आणि भिजवून काढलेल्या रसाची एक पल अशी वेगळी ठेवली, यातच दोहोंतील अंतर स्पष्ट होते. पर्याय हाच नियम होऊन बसला, तर मूळ कल्पना केवळ परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरती उरते.

आम्ही ज्या खापर गावी व्यवसाय करतो ते अक्कलकुवा तालुक्यात, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर मार्गावर, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. गुजरातची सीमा हाकेच्या अंतरावर आहे. वनौषधींच्या बाबतीत हा परिसर दरिद्री नाही. पावसाळ्यात डोंगरातून येणाऱ्या मंडळींच्या टोपल्यांत काय काय दिसते, ते येथील वैद्यांस ठाऊक आहे. परंतु ब्राह्मी, मंडूकपर्णी, वेखंड ही पाणथळ जागेची द्रव्ये. मार्च उलटला की ओढे आटतात, पारा चाळिशीपार जातो आणि जूनच्या मध्यापर्यंत हिरवे पान दुर्मीळ होते. बाहेरगावाहून ओली ब्राह्मी मागवावी, तर एस.टी.तून पोते येईपर्यंत आतला निम्मा माल तापून काळा पडलेला असतो. साध्या कुंडीत लावावी, तर दोन वेळा पाणी घालूनही दुपारी ती माना टाकते. दोन दिवस परगावी जाणे झाले की कुंडी संपलीच म्हणून समजावे.

या अडचणीवर ज्या साधनाचा आम्ही गेली काही वर्षे उपयोग करीत आहोत, त्याविषयी वैद्यबंधू-भगिनींना व औषधालयांच्या चालकांना चार गोष्टी सांगाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते साधन म्हणजे तळसाठ्याची कुंडी. हिच्यात पाणी वरून घालावयाचे नसते. कुंडीच्या तळाशी पाण्याचा बंदिस्त साठा असतो, त्यावर सच्छिद्र पडदी असते, पडदीवर माती असते आणि मातीचा एखादा स्तंभ पडदीतून खाली पाण्यात उतरलेला असतो. दिव्याच्या वातीने तेल चढावे तसे पाणी त्या स्तंभातून वर चढते. पान जितके पाणी उडवील तितकेच माती ओढून घेते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ब्लेक व्हिसेनंट या टोमॅटो उत्पादकाने १९९०च्या दशकात अशी पेटी तयार करून ती बाजारात आणली आणि तेव्हापासून घराच्या गच्चीत भाजी लावणाऱ्यांमध्ये ही पद्धत जगभर पसरली.

मूळ कल्पना मात्र नवी नाही. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील फान शंगची यांच्या कृषिग्रंथात, पाण्याने भरलेले मातीचे मडके जमिनीत पुरून त्याच्या भोवती वेल लावण्याची रीत सांगितलेली आहे. आपल्याकडेही मडका सिंचन अपरिचित नाही. वैशाखात तुळशीवर किंवा महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात, तिच्यातही थोडे थोडे पण अखंड पाणी देण्याचाच विचार आहे. गळतीचे पाणी वरून येते आणि वाऱ्याने बरेचसे उडून जाते. पुरलेल्या मडक्याचे पाणी मुळाशीच झिरपते. खानदेशात खापरावर मांडे भाजणाऱ्या गृहिणींना भाजलेल्या मातीचे गुण आम्ही काय सांगावेत!

आता शास्त्राचा प्रश्न. एका ज्येष्ठ वैद्यांनी आम्हांस विचारले होते, की प्लास्टिकच्या टबात, साठवलेल्या पाण्यावर वाढलेले द्रव्य औषध म्हणून ग्राह्य मानावे काय? प्रश्न वाजवी आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे देश वर्णिले आहेत आणि औषधे साधारण किंवा जांगल देशातून, ऋतुमानाप्रमाणे ऊन, वारा व पाणी लाभलेल्या स्वच्छ जागेतून घ्यावीत असे सांगितले आहे. तळसाठ्याची कुंडी म्हणजे दुसरे काही नसून जांगल देशात निर्माण केलेला हातभर आनूप देश आहे. एवढे ध्यानात आले की कोणते द्रव्य तिच्यात लावावे आणि कोणते लावू नये, याचा निर्णय आपोआप होतो. ज्या वनस्पतीची प्रकृतीच पाणथळ आहे, तिला तो आनूप देश म्हणजे तिचे घर. जिची प्रकृती कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीची आहे, तिला त्यात घालणे म्हणजे मिथ्या आहार देण्यासारखे आहे. ती वरवर पुष्ट दिसेल, परंतु तिच्या वीर्याबद्दल शंका राहील आणि बहुधा मूळ कुजून ती जाईलच.

या कसोटीने पाहता तीन द्रव्ये प्रथम क्रमांकाची ठरतात : जलब्राह्मी, मंडूकपर्णी व वेखंड. अपस्मारातील ब्राह्मीघृताचा पाठ आठवावा. त्यात ब्राह्मीचा रस आणि वचा हे दोन्ही घटक आहेत. त्यामुळे ही तीन पात्रे शेजारी असणे वैद्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. यांखेरीज पुदिना व माकाही अशा कुंडीत उत्तम येतात. तुळस व अडुळसा मध्यम प्रतीचे. त्यांस साठा अखंड भरलेला नको. साठा पूर्ण आटू द्यावा, दोन-तीन दिवस माती वाळू द्यावी आणि मग पुन्हा भरावे.

शतावरी, अश्वगंधा, कोरफड, गुग्गुळ ही द्रव्ये या कुंडीत मुळीच लावू नयेत. सफेद मुसळीचा मोह आमच्या भागात अनेकांना होतो, कारण ती सातपुड्याची ओळख आहे. परंतु मुसळी पावसाळ्यात वाढून नंतर पाने टाकते व कंद मातीत निद्रिस्त राहतो. त्या काळात तळाशी पाणी असेल तर कंद सडून जातो. गुडूचीसाठी हे सायास करण्याचे कारणच नाही. अंगणातील निंबावर चढवलेली गुळवेल मे महिन्याचे ऊन सहज सोसते.

गुडूचीचा उल्लेख आलाच आहे, तर आणखी एक मुद्दा मांडणे आवश्यक वाटते. कोविडच्या साथीत २०२० व २०२१ मध्ये गुळवेलीचा खप अतोनात वाढला. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी ६ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध करून गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेत, टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया या खऱ्या गुडूचीऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही सदृश जाती वापरली गेल्याची शक्यता पुढे केली. पुढे अनेक केंद्रांतील रुग्णांच्या अभ्यासातही हा वाद मिटला नाही. या वादात कोणाची बाजू किती खरी, हा या लेखाचा विषय नव्हे. परंतु त्या वेळी रुग्णाने तुम्ही दिलेली वेल कोणती होती, असे विचारले असता, ती आमच्या अंगणातील आहे, खोडावर ठळक गाठी नाहीत, पान हृदयाकार व लवरहित आहे, या दाखवतो, असे म्हणू शकणारे वैद्य किती होते? स्वतः लावलेल्या द्रव्याचा सर्वांत मोठा लाभ आमच्या मते हा आहे. औषध कोठून आले, या प्रश्नाला उत्तर असते.

ब्राह्मीच्या बाबतीत तर हा घोळ जुनाच आहे. महाराष्ट्रातील बहुतेक रोपवाटिकांत ब्राह्मी म्हणून जे रोप मिळते ते मंडूकपर्णीचे असते. जलब्राह्मीचे, म्हणजे बकोपा मोनिएरीचे, पान लहान, मांसल, लांबट व देठावर समोरासमोर असते. फूल पांढरे वा फिकट जांभळे. चव स्पष्ट कडू. मंडूकपर्णीचे पान वृक्काकार, कडा दंतुर, देठ लांब आणि वेल जमिनीसरशी धावणारी. याशिवाय शोभेचे म्हणून एक तिसरे रोप विकले जाते, ज्याचे गोल पान छत्रीप्रमाणे मधोमध देठावर टेकलेले असते. ते हायड्रोकोटाइल होय. ते दोहोंपैकी काहीच नाही. देठ पानाच्या खाचेतून निघतो की मध्यातून, एवढे पाहिले तरी फसगत टळते.

दुसरा मुद्दा याहून गंभीर आहे. ब्राह्मी ही पाण्यातील जड धातू शोषून घेणारी वनस्पती आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति अनुसंधान संस्थेतील संशोधकांनी १९९० पासून तिचा हा गुण तांबे, कॅडमियम इत्यादी धातूंच्या बाबतीत दाखवून दिला आहे. पाणी शुद्ध करण्याच्या दृष्टीने हा गुण मोलाचा, पण औषध म्हणून हाच दोष. शहराच्या कडेला गटाराच्या पाण्यावर लुसलुशीत माजलेली ब्राह्मी खुडून बाजारात येते, तेव्हा ती बरोबर काय घेऊन येते याचा विचार औषधालय चालकांनी अवश्य करावा. आयुर्वेदिक फार्माकोपियाच्या मर्यादा शिसे १०, आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३ व पारा १ भाग प्रति दशलक्ष अशा आहेत. बालकाच्या बुद्धिवर्धनासाठी दिलेल्या रसातून शिसे जावे, याहून विपरीत चिकित्सा ती कोणती?

याच कारणास्तव कुंडीचे साहित्य निवडताना काटेकोर असावे. कीटकनाशकांचे रिकामे डबे आमच्या कापूस-मिरचीच्या पट्ट्यात फुकट मिळतात. ते कितीही वेळा धुतले तरी वापरू नयेत. रंगाच्या बादल्याही नकोत. खाद्यतेलाचे प्लास्टिकचे डबे किंवा नवे टब घ्यावेत. माती महामार्गालगतची किंवा नगरपालिकेच्या कचऱ्यापासून केलेल्या खताची नसावी.

आमच्याकडील पात्राची रचना अशी आहे. १८ इंच लांब, १२ इंच रुंद व १० इंच खोल असा टब. तळाशी ३ इंच व्यासाच्या पी.व्ही.सी. नळीचे ४ इंच उंचीचे ५–६ तुकडे उभे ठेवलेले. त्यांवर जाड प्लास्टिकची छिद्रे पाडलेली पडदी. पडदीला दोन मोठी भोके आणि प्रत्येकात चाळणीसारखी भोके पाडलेला एकेक प्लास्टिकचा पेला, जो तळापर्यंत उतरतो. याच पेल्यांत दाबून भरलेले मिश्रण वातीचे काम करते. एका कोपऱ्यातून पाऊण इंची नळी तळापर्यंत. पाणी भरावयाचे ते हिच्यातून. टबाच्या बाजूस तळापासून ३ इंचांवर एक भोक. साठा तेवढा भरला की जादा पाणी येथून वाहून जाते. पडदी आणि पाणी यांच्यामध्ये इंचभर हवा राहते, ती या भोकामुळेच. हे भोक न पाडणे म्हणजे कुंडी न करता डबके करणे होय. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते.

मिश्रणाबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण बहुतेक कुंड्या येथेच फसतात आणि अपयशाचे खापर मात्र पद्धतीवर फुटते. आपली काळी माती यासाठी निरुपयोगी. ती पाणी पिऊन फुगते, हवा कोंडते आणि सुकली की भेगाळून वातीपासून सुटते. नुसती वाळू पाणी चार बोटेही वर चढवीत नाही. नारळाच्या काथ्याचा भुसा दोन भाग, पूर्ण कुजलेले व चाळलेले शेणखत एक भाग, नदीची धुतलेली वाळू एक भाग, हे प्रमाण आम्हांस मानवले आहे. काथ्याचा भुसा आधी दोन-तीन पाण्यांनी धुवावा, त्यात क्षार असतात. पहिल्या दिवशी पाणी वरूनच घालून सर्व मिश्रण पूर्ण ओले करावे. कोरडा भुसा खालून पाणी ओढत नाही, हे ठाऊक नसल्याने साठा भरलेला असूनही वर रोप वाळलेले अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. रोप रुजेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, वरून हलके शिंपण चालू ठेवावे.

कुंडीच्या तळाशी खापऱ्या घालण्याची आपली जुनी सवय आहे. निचरा होईल अशी समजूत असते. वास्तविक बारीक मातीखाली जाड थर आला की माती पूर्ण भिजल्याखेरीज पाणी त्या थरात उतरत नाही. परिणामी ओलावा वरच अडकतो. तळसाठ्याच्या कुंडीत तर खापऱ्यांमुळे पाण्याची वर चढण्याची वाटच तुटते. खापऱ्या नकोत.

साठ्यात सुमारे ८ लिटर पाणी मावते. मे महिन्यात पूर्ण वाढलेल्या ब्राह्मीला ते ४ ते ५ दिवस पुरते. हिवाळ्यात दोन आठवडे डोळेझाक केली तरी चालते. उन्हाळ्यात टब पूर्वेकडील भिंतीलगत ठेवावा, दुपारनंतर सावली असावी. काळा टब उन्हात ठेवला तर साठ्यातील पाणी तापून मुळे अक्षरशः शिजतात. पांढरा रंग द्यावा किंवा ओले गोणपाट गुंडाळावे. साठ्यात जीवामृत, शेणपाणी वा कुणपजल ओतण्याचा उत्साह टाळावा. बंदिस्त पाण्यात ते सडते, प्राणवायू संपतो व दुर्गंधी सुटते. खत द्यावयाचे ते वरून, मूठभर गांडूळखताच्या रूपाने.

कूपनलिकेचे पाणी जड असेल तर काही महिन्यांनी मातीच्या पृष्ठभागावर पांढरा थर येतो. पाणी सतत खालून वर जाते, वरून उडते आणि क्षार मागे राहतात. यास उपाय पावसाचा. पहिल्या दोन-तीन पावसांत टब उघड्यावर ठेवावा, साठा रिकामा करून वरचे पाणी आरपार जाऊ द्यावे. घरातील शुद्धीकरण यंत्राचे टाकाऊ पाणी या कुंडीस कदापि घालू नये, त्यात क्षार अधिकच असतात.

चिकित्सालयाच्या आत ठेवावयाचे असल्यास मंडूकपर्णी निवडावी. ती अर्धछायेत समाधानी असते. उत्तरेकडील खिडकीलगत तिचे पान मोठे व कोवळे येते. वेखंडही खिडकीत तग धरते. ब्राह्मीला दिवसातून तीन-चार तास तरी कोवळे ऊन हवे, अन्यथा ती लांबुळकी व विरळ होते. तुळस आत ठेवू नये. आतील कुंडीत पाणी फार काळ साठून राहते, म्हणून भरण्याच्या नळीच्या तोंडास व जादा पाण्याच्या भोकास बारीक जाळी किंवा मलमलचा तुकडा घट्ट बांधणे अनिवार्य समजावे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंड्यापासून डास होण्यास ७ ते १० दिवस पुरतात आणि त्याला स्वच्छ साठवलेले पाणीच आवडते. वैद्याच्या प्रतीक्षाकक्षात डासांची पैदास व्हावी, यासारखी लाजिरवाणी गोष्ट नाही!

ज्यांस प्लास्टिक नकोच असेल त्यांनी कुंभाराकडून न रंगवलेले, दोन लिटरचे मडके घ्यावे, ते मोठ्या कुंडीत गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून झाकण ठेवावे आणि भोवती रोपे लावावीत. माती कोरडी पडेल तसतसे मडके झिरपते. तुळस व अडुळशासाठी ही रीत आम्हांस टबापेक्षा अधिक योग्य वाटते. जड पाण्याने मडक्याची छिद्रे एक-दोन वर्षांत बुजतात. तेव्हा मडके बदलावे, खर्च नगण्य आहे.

आता उत्पन्नाविषयी, कारण येथे अतिशयोक्ती फार होते. एका टबातून सव्वा ते दीड महिन्यात एक कापणी व तीत सुमारे पाव किलो ओली ब्राह्मी, असा आमचा अनुभव आहे. रोज २० मिलिलिटर स्वरस काढण्यास साधारण ४५ ग्रॅम ओली वनस्पती लागते. म्हणजे एका प्रौढ रुग्णास ४० दिवस स्वरस द्यावयाचा तर १,८०० ग्रॅम, अर्थात सात ते आठ टब हवेत. बालकास अर्धी मात्रा धरली तर चार. घृतपाकासाठी १ किलो घृतास ४ लिटर स्वरस लागतो, तो कुंड्यांतून निघणे अशक्य. त्यासाठी शेतातील लागवडच हवी. म्हणून औषधालय चालकांनी या कुंड्यांकडे कच्च्या मालाचा स्रोत म्हणून पाहू नये. खात्रीचे मातृरोप, बाजारातून आलेल्या मालाशी ताडून पाहण्याचा नमुना आणि लागवड करू इच्छिणाऱ्या शेतकऱ्यास द्यावयाचे बेणे, या तीन कामांसाठी दोन टबही पुरेसे आहेत.

वैद्यांनी मात्र आठ टबांचा विचार जरूर करावा. चार टब एका आठवड्यात व चार तीन आठवड्यांनी कापले की रस खंडित होत नाही. कापताना जमिनीपासून दोन बोटे खोड राखावे, सकाळी दव उतरल्यावर कापावे आणि त्याच दिवशी रस काढावा. वेखंडास घाई चालत नाही. त्याचा कंद लावल्यापासून दहा-बारा महिन्यांनी काढावा आणि शेंड्याकडील तुकडा पुन्हा लावावा.

प्रत्येक टबावर द्रव्याचे नाव, रोप कोठून आणले ते ठिकाण, लावल्याची तारीख व प्रत्येक कापणीची तारीख लिहिलेली पट्टी असावी. रुग्णपत्रिकेवर स्वरस लिहिताना टबाचा क्रमांकही लिहावा. नवीन टब बसवण्यास जुलैचा पहिला पंधरवडा सर्वांत सोयीचा. हवेत ओलावा असतो, रोपे लवकर धरतात आणि उन्हाळा येण्यापूर्वी पाच-सहा कापण्या हाती लागतात.